हातातल्या यंत्राची निगा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ थोर विषय बोलले गेले आहेत. त्या मानाने फोनची बॅटरी आणि संगणकातली धूळ हा विषय आपणांस हलका वाटेल. चिटणीसांनाही तो तसा वाटला. मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना म्हटले, कायद्यावर पुढच्या वर्षी बोलू. ज्या यंत्रावाचून आज कायद्याचा लाभ पदरात पडत नाही, त्या यंत्राविषयी यंदा बोलू द्या.

मी पंडित नव्हे, इंजिनियर तर नव्हेच. सातवीनंतर शाळा सुटली आणि सोलापूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरायला लागलो. पुढे मागावर उभा राहिलो, मग युनियनच्या कामात पडलो तो आजतागायत. संगणक शिकलो तो पंचेचाळिशीच्या पुढे, एका बोटाने टंकून. म्हणून मी सांगणार आहे ते पुस्तकी कमी आणि ठेच लागून आलेले अधिक आहे.

मागाच्या खात्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. आमची मजुरी कापडाच्या मापावर. माग मालकाचा, पण माग बंद पडला की मजुरी आमची बुडे. त्यामुळे जॉबर येण्याआधीच चांगला मागवाला तूस झाडून घेई, तेल घाली, धोट्याचे टोक बोटाने चाचपून पाही. यंत्र कोणाचे, हा प्रश्न निराळा. ते बिघडल्यावर पोट कोणाचे जळते, हा प्रश्न खरा.

आता हातातला फोन पाहा. याला जॉबर नाही. विकत घेतला आपण, हप्ते फेडतो आपण, आणि बंद पडला तर अडतोही आपणच. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारीला विडी कामगार भगिनींच्या मोठ्या वसाहती आहेत. जन्मभर पाने कातरून आणि विड्या वळून कित्येकींच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा ठेवला तर यंत्र म्हणते, ही बाई ती नव्हेच! २०२१ सालापासून यावर एक तोड निघाली. फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवून दाखला देता येतो. सोय फार चांगली. पण ज्या फोनच्या भिंगावर तंबाखूचा हात पुसलेला आहे आणि काचेला तीन तडे आहेत, त्याला चेहरा तरी नीट कसा दिसावा? मऊ सुती फडक्याने भिंग पुसणे एवढ्या क्षुल्लक कृतीवर एखाद्या म्हातारीची पेन्शन अडून राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून या विषयाला मी हलका म्हणत नाही.

आता माझा स्वतःचा अपराध सांगतो. तो टाळून पुढचे उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आला. आम्हांला कोण आनंद झाला! सभासदांची नोंदवही, दाव्यांचे कागद, मजुरीच्या जुन्या पावत्या, सगळे दोन वर्षे खपून आम्ही त्यात चढवले. मग कचेरीची जागा बदलली. गाठोडी हलवताना मीच म्हणालो, ‘आता हे सगळे संगणकात आहे, जुने कागद कशाला ओढत न्यायचे?’ ती गाठोडी रद्दीत गेली. त्याच वर्षी रोहिणीच्या पावसात रात्री वीज कडाडली. संगणकाची पिन भिंतीत तशीच होती. सकाळी पाहतो तो यंत्र मेलेले, आणि आतली तबकडीही त्याच्याबरोबर गेलेली. दुसरीकडे प्रत म्हणून नव्हती.

त्या कागदांत एका बाईच्या तेवीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा होता. इकडून तिकडून धुंडाळून आम्ही चौदा वर्षांचा उभा केला, आणि चौदा वर्षांवरच तडजोड करावी लागली. नऊ वर्षांचे तिचे पैसे माझ्या निष्काळजीपणाने बुडाले. बाई भांडली नाही. एवढेच म्हणाली, ‘भाऊ, माझ्या घरात गळतंय म्हणून कागद तुमच्याकडं ठिवलं होतं.’

असो. विजेपासूनच सुरुवात करतो. मेघगर्जना ऐकू आली की संगणकाची पिन भिंतीतून काढा. बटण बंद करणे पुरेसे नाही. इंटरनेटची तार घरात येत असेल तर तीही काढा. वीज तिच्यावाटेही आत शिरते. एरवी वीज जाते-येते, दाब वरखाली होतो, त्यासाठी मध्ये बॅटरीवर चालणारा यूपीएस हवा. तो तासभर काम करण्यासाठी नसून, उघडलेले काम जतन करून यंत्र रीतसर बंद करता यावे यासाठी आहे, हे लक्षात ठेवा. आणि अर्थिंग! आपल्याकडे तीन पायांच्या पिनेचा तिसरा पाय शोभेसाठी आहे असे समजणारे पुष्कळ. उन्हाळ्यात आपली जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग उणावतो. त्यात अधूनमधून पाणी घाला, आणि वर्षातून एकदा जाणत्या वायरमनकडून तो तपासून घ्या.

धुळीचे म्हणाल तर संगणकाच्या पोटात पंखा असतो. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि हवेबरोबर मंद्रूपची माती, मागाचा तूस, पिठाच्या गिरणीची भुकटी असे जे असेल तेही ओढतो. पंख्यावर त्याचे नमद्यासारखे थर बसतात; मग यंत्र तापते, संथ होते, मधेच बंद पडते आणि आपण म्हणतो की व्हायरस आला! दोन-तीन महिन्यांनी यंत्र बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशने ती झाडावी. हवेच्या फुंकणीने झाडत असाल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, तो गरगरा फिरू देऊ नका. ओले फडके आत नेऊ नका.

आता फोन. याचा मोठा शत्रू ऊन. आयफोन बनवणारी ॲपल कंपनी आपला फोन शून्य ते पस्तीस अंश उष्णतेत वापरा म्हणून सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा सावलीत चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरातली आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची गोष्टच सोडा. आपल्या सोलापूरचा उन्हाळा धरून कोणी फोन घडवलेला नाही, तेव्हा जुळवून घेणे आपल्याकडेच आले. फोनमधली लिथियमची बॅटरी हा एक रासायनिक पदार्थ आहे. उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था या दोन्ही एकत्र आल्या की तिचे आयुष्य भराभर घटते. नेमके तेच आपण करतो. रात्री चार्जरला लावून उशीखाली ठेवतो. तो तिथे भरतो, तापतो आणि सकाळपर्यंत तसाच शिजतो. शक्यतो बॅटरी वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान खेळती ठेवा. महिन्यातून एकदा ती पार शून्यावर आणावी, हा जुन्या जातीच्या बॅटऱ्यांचा नियम होता. लिथियमला त्याने अपायच होतो. फोन तापला असेल तर जाड आवरण काढून सावलीत ठेवा. थंड करण्यासाठी फ्रीजमध्ये किंवा माठावर ठेवू नका. आत दव धरते. आणि फोनची पाठ फुगून वर आलेली दिसली तर तो त्याच घटकेला बंद करा, चार्जरला लावू नका, दाबू नका, टोचू नका. ती बॅटरी पेट घेऊ शकते. दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि बॅटरी बदलून घ्या. ती कचऱ्यात टाकू नका. कचरा वेचणाराही कामगारच आहे.

फोन पाण्यात पडला तर तांदळात पुरावा अशी एक समजूत आहे. आपल्याकडे तांदूळ थोडा म्हणून कोणी ज्वारीत पुरतो! धान्य आतले पाणी शोषून घेत नाही. उलट बारीक कण आणि भुकटी फटींत शिरते; ॲपल कंपनीने २०२४ साली तांदळाबद्दल तसा इशाराच दिला आहे. फोन लगेच बंद करा, सिम काढा, भोक खाली करून हलकेच झटका, वारा लागेल अशा सावलीच्या जागी ठेवा. सर्वांत महत्त्वाचे, ‘चालू होतो का पाहू’ म्हणून चार्जर लावू नका. पाण्याने मेलेल्या फोनांपेक्षा या उतावळेपणाने मेलेले फोन अधिक असावेत, असा माझा आपला अंदाज आहे.

इथवर यंत्राच्या देहाची निगा झाली. पण माझ्या कचेरीत मेला तो देह नव्हे, आतली माहिती. देह बाजारात मिळतो. या बाबतीत मोठ्यांचीही कशी गत होते ते ऐका.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा एक विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला. युक्रेन देशातल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या आडून तो निघाला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या प्रचंड जहाज कंपनीत शिरला. आपल्या न्हावाशेवा बंदरात त्या समूहाच्या हातातले एक टर्मिनल ठप्प झाले. कोणता डबा कोणाचा, कुठे जायचा, हे सांगणारे यंत्रच मुके. डबे तुंबले, ट्रक खोळंबले. आता गंमत पाहा. कंपनीच्या साऱ्या संगणकांची जी मध्यवर्ती यादी असते, तिच्या प्रती जगभर अनेक ठिकाणी होत्या; पण त्या सर्व एकमेकींना सतत जोडलेल्या, म्हणून सर्व एकदम पुसल्या गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! त्या तबकडीतली माहिती विमानाने इंग्लंडला नेऊन कंपनीने आपला कारभार पुन्हा उभा केला. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले की दहा दिवसांत पंचेचाळीस हजार संगणक नव्याने मांडावे लागले. लोडशेडिंगचे उपकार झालेले मी तरी एवढे एकच उदाहरण ऐकले आहे.

तेव्हा प्रत हवी, आणि ती तारेपासून तोडलेली हवी. जाणकार म्हणतात की माहिती तीन ठिकाणी असावी, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्या भाषेत सांगायचे तर एक फोनमध्ये, एक हार्ड डिस्कवर, जी प्रत घेऊन झाल्यावर काढून कपाटात ठेवायची, आणि एक इंटरनेटवरच्या खात्यात किंवा लेकीच्या घरी. नुसत्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका. तो हरवतो आणि न सांगता मरतोही. आमच्या कचेरीत आता दर शनिवारी प्रत निघते आणि एक डिस्क माझ्या घरी असते. आणि सातबारा, नोकरीचा दाखला, मजुरीच्या पावत्या यांचे मूळ कागद संगणकात चढवले म्हणून रद्दीत घालू नका. हे मी सांगतो आहे.

त्याच हल्ल्यात ज्या वाटांनी तो प्रोग्राम पसरला, त्यांतली एक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधी, मार्चमध्येच काढली होती. फोनवर ‘अपडेट करा’ अशी सूचना येते आणि आपण ‘नंतर’ दाबत राहतो, ती हीच दुरुस्ती. विंडोज दहाचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक चालतो आहे म्हणून तो निर्धोक आहे असे नव्हे. निदान बँकेचे काम त्यावर करू नका.

राहिले चोर. यंत्र धडधाकट असले तरी दार आपणच उघडून दिले तर काय उपयोग? हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, वाहनाच्या दंडाची पावती येते, शेतकऱ्यांच्या अनुदानाची यादी येते, आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे असतात. ती पत्रिका नव्हे, तो प्रोग्राम आहे. उघडलात की तुमच्या फोनवर येणारे संदेश चोराला दिसू लागतात आणि बँकेचा ओटीपी त्यातच येतो. ओळखीच्याच्या नंबरावरून आली म्हणून भुलू नका. त्याचा फोन आधी गेलेला असतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. आणि पोलिसाच्या वेषात कोणी पडद्यावर येऊन ‘तुम्हांला डिजिटल अटक केली आहे’ म्हणाला, तर खुशाल फोन ठेवून द्या. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. एवढा कायदा मला येतो!

तरीही फसलात तर? इथे मला भगिनींना विशेष सांगायचे आहे. फसलेली बाई दोन-दोन दिवस घरात बोलत नाही. नवरा काय म्हणेल, मुलगा हसेल, या भीतीने गप्प बसते आणि तेवढ्यात पैसा चार खात्यांतून फिरून नाहीसा होतो. लाज चोराला वाटावी, तुम्हांला कशाला? त्याच क्षणी १९३० हा क्रमांक फिरवा, बँकेला कळवा. जितके लवकर कळवाल तितके पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता अधिक.

फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार द्या, सिम बंद करून त्याच नंबराचे नवे घ्या, आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोन बंद पाडण्याचा अर्ज करा. त्यासाठी फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लागतो, आणि फोन गेल्यावर तो शोधणार कुठे? म्हणून माझी विनंती आहे की आभार होण्यापूर्वी सर्वांनी आपापले फोन काढावेत. कॉल करायच्या जागी तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट अशी बटणे दाबा. क्रमांक दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. ते कागदावर उतरवा आणि घरी गेल्यावर रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. ज्यांना अंक वाचता येत नाहीत त्यांनी इकडे व्यासपीठाजवळ यावे. माझ्याजवळ कागद आहे, पेन्सिल आहे, आणि शेवटच्या एसटीला अजून अवकाश आहे.