नटवर्य केशवराव दाते

रत्नागिरी जिल्ह्यांतील आडिवरें हें गांव महाकालीच्या देवस्थानामुळें सर्वांस ठाऊक आहे. याच गांवीं १८८९ सालीं केशवराव दाते जन्मले, ही गोष्ट मात्र तितकी ठाऊक नाहीं. चित्रपटांत नायकाचें नांव घरोघर होतें. कथानकाचा भार वाहणारा चरित्रनट मागें राहतो. केशवरावांचेंही तसेंच झालें.

त्यांची उमेदवारी महाराष्ट्र नाटक मंडळींत झाली. स्त्रियांचीं कामेंही पुरुषांनींच करावयाचीं, असा तो काळ. केशवरावांच्या वांट्यास प्रथम तींच आलीं. पुढें १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणलें. त्यांत केशवराव होते. पल्लेदार भाषणें टाकून घरांतल्यासारखें बोलावें, ही त्या नाटकाची रीत. बोलपटास नेमका हाच गुण हवा होता.

१९३४ च्या मराठी ‘अमृतमंथना’त ते राजगुरु झाले. परंतु खरी कसोटी लागली ती १९३७ च्या ‘कुंकू’मध्यें. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं हा बोलपट प्रभातसाठीं काढला. शांता आपटे यांची नीरा फसवणुकीनें एका वृद्ध वकिलाच्या गळ्यांत बांधली जाते. ते वकील काकासाहेब म्हणजे केशवराव. जरठ-कुमारी विवाह तेव्हां अपूर्वाईचा नव्हता. थेरड्यास हंसणें सोपें होतें. पण त्याच्या ठिकाणीं आपल्याच घरांतले वडील दिसूं लागले, तर हंसूं घशांत अडकतें. केशवरावांनीं नेमकें हेंच साधलें. काकासाहेबांचा अपराध त्यांनीं कोठेंही सौम्य केला नाहीं. परंतु तो अपराध मनास उमगतांना माणूस कसा खचत जातो, तें दाखविलें. अखेरीस नीरेस कन्येप्रमाणें पुनर्विवाहाचा आशीर्वाद लिहून ठेवून ते जीवन संपवितात, तेव्हां प्रेक्षकांचा राग व्यक्तीवरून रूढीकडे वळतो.

१९४१ च्या ‘शेजारी’त ते जिवबा पाटील झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा झाले. हिंदी ‘पडोसी’त हिंदु शेजारी रंगविला मझहर खान यांनीं. धरण फुटतें तेव्हां दुरावलेले दोघे मित्र हातांत हात घेऊन मरण पत्करतात.

पुढें १९४६ सालीं ते पडद्यावरील डॉ. कोटणिसांचे पिते झाले, तर १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्यें कठोर नृत्यगुरु. १९७१ सालीं ते निवर्तले.

दुष्टाचें काम करणारे नट पुष्कळ असतात. दुष्टांतला माणूस दाखवून पाहणाऱ्यास स्वतःकडे पाहावयास लावणारा विरळा. आडिवऱ्याचे केशवराव त्या विरळ्यांपैकीं होते.