नकाशावरील खूण आणि कागदावरील वचन

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, सुपीरियर सरोवराच्या काठी, मार्क्वेट हे बंदर आहे. त्याच्या पश्चिमेस निगॉनी व इश्पेमिंग ही खाणींची गावे. या प्रदेशाचा जुना स्थलदर्शक नकाशा उलगडला, की पाणी निळ्या रंगात, भूमीचा चढउतार तपकिरी समोच्चरेषांनी आणि माणसाची करणी काळ्या शाईने दाखविलेली दिसते. रेषा जेथे दाटतात तेथे चढण उभी. जेथे विरळ होतात तेथे भूमी सपाट. खाणींपासून बंदराकडे उतरत गेलेली लोहमार्गाची काळी रेघ पाहिली, म्हणजे या गावांचा सारा व्यवहार ध्यानात येतो.

हा प्रदेश मोजणे मात्र सोपे नव्हते. १९ सप्टेंबर १८४४ रोजी सरकारी मोजणीदार विल्यम ऑस्टिन बर्ट हे निगॉनीजवळील टील सरोवरापाशी आले, तोच होकायंत्राची सुई भलतीकडेच वळू लागली. भूमीतील लोहखनिज तिला ओढीत होते. सूर्याच्या आधारे दिशा सांगणारे यंत्र बर्ट यांनी स्वतःच शोधून १८३६ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. त्यामुळे मोजणी अडली नाही. सुईला चकविणाऱ्या खडकाने आपला ठावठिकाणा मात्र उघड केला.

पुढील वर्षी जॅक्सन कंपनीच्या मंडळींना खनिजाचा शोध घेताना ओजिब्वे जमातीचा मार्जी गेसिक हा प्रमुख साह्यभूत झाला. त्याबद्दल कंपनीने १८४६ मध्ये त्यास अल्पसा हिस्सा लेखी देऊ केला. १८५५ मध्ये सरोवराच्या पूर्व मुखाशी सू येथील कालवा खुला झाला आणि खनिजाने भरलेली जहाजे खालच्या सरोवरांकडे जाऊ लागली. मार्जी गेसिकचा हिस्सा मात्र कागदावरच राहिला.

तो कागद त्याची कन्या शार्लट कोबोगम हिने न्यायालयापुढे ठेवला. पित्याचे विवाह जमातीच्या रूढीप्रमाणे झालेले, आणि पत्नी एकाहून अधिक; तेव्हा ही कन्या औरस वारस ठरते काय, असा प्रश्न निघाला. जमातीच्या रूढीने वैध असलेला विवाह न्यायालयानेही वैधच मानला पाहिजे, असा निर्णय मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये दिला. शार्लट विजयी झाली.

शाळेत असा नकाशा शिकविताना उंची, अंतर, दिशा यांचे प्रश्न विचारले जातातच. खाणीच्या खुणेपाशी थांबून, ही जागा प्रथम कोणी दाखविली आणि त्याचे देणे फिटले काय, हेही विद्यार्थ्यांस विचारावे. निगॉनीच्या त्या एका खुणेचे उत्तर मिळण्यास त्रेचाळीस वर्षे आणि एका कन्येची चिकाटी लागली.