क्लाइडकाठची पासिओनारिया



स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, क्लाइड नदीच्या काठी, दोन्ही हात आभाळाकडे उंचावलेली एक स्त्री उभी आहे. हा पुतळा आहे ‘ला पासिओनारिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पेनच्या नेत्या दोलोरेस इबारुरी यांचा. स्मारक मात्र आहे, परक्या देशाच्या यादवी युद्धात लढायला गेलेल्या स्वयंसेवकांचं.

१९३६ साली स्पेनमध्ये निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध सेनाधिकाऱ्यांनी बंड केलं. हिटलर आणि मुसोलिनी बंडखोरांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा सरकारच्या बाजूनं लढायला देशोदेशींचे स्वयंसेवक निघाले. ब्रिटनमधून सुमारे २,१०० जण गेले. त्यांतले ५३४ परतले नाहीत. त्यांपैकी ६५ एकट्या ग्लासगोचे होते. हे आकडे पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेले आहेत.

हे स्मारक कामगार चळवळीनं वर्गणी काढून उभारलं. ब्राँझच्या ओतकामाला पैसे पुरेनात. मग लिव्हरपूलचे शिल्पकार आर्थर डूली यांनी लोखंडाच्या सांगाड्यावर फायबरग्लास चढवून पुतळा घडवला. कष्टकऱ्यांच्या पैशातून उभं राहिलेलं ते स्मारक म्हणूनच अधिक मोलाचं वाटतं.

आपलाही एक माणूस त्या लढाईत होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन ब्रिटिश तुकडीतून लढले. १९३८ साली ते पकडले गेले आणि बंडखोरांचा नेता फ्रँको याच्या कैदेत राहिले. सुटल्यावर ते मायदेशी परतले.

दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी जिवावर उदार झालेल्या या साऱ्यांची आठवण आपणही जपू या.