रस्त्याची भाषा



सीमाभागातील माणूस भाषेच्या बाबतीत मोठा श्रीमंत. शहापूरच्या खडे बाजारात लुगडे घ्यायला गेलेली गृहिणी भाव मराठीत विचारते, घासाघीस कन्नडमध्ये करते आणि बाहेर पडताना ओळखीच्या गोवेकराशी कोकणीत दोन शब्दही बोलते. अशा या बहुभाषी गावाला एक भाषा मात्र अद्याप अवगत झालेली नाही. ती म्हणजे रस्त्याची भाषा. वास्तविक ती अतिशय सोपी. दोनचार दिवे, एक हॉर्न, हाताची खूण आणि जमिनीवरचे पांढरे पट्टे एवढाच तिचा शब्दसंग्रह. ती मराठी नव्हे आणि कन्नडही नव्हे. त्यामुळे तिच्यावरून भांडण्याचे कारण नाही. बहुधा म्हणूनच तिच्याकडे कोणी लक्ष देत नसावे!

प्रथम इंडिकेटर घ्या. ‘मी आता वळणार आहे,’ अशी मागच्या माणसाला दिलेली ती आगाऊ सूचना. आमच्याकडे काही जण ती वळून झाल्यावर देतात. म्हणजे ती सूचना नव्हे, तो इतिहास झाला. दुसरे काही जण इंडिकेटर एकदा लावतात आणि वडगावापर्यंत तसाच लुकलुकत ठेवतात. मागून येणारा बिचारा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ‘आता तरी हे वळतील’ या आशेने वेग कमी करतो. रिक्षावाल्याला तर दिव्याची गरजच भासत नाही. त्याचा पाय बाहेर आला, की शहाण्याने काय ते समजावे.

हॉर्न हा या भाषेतील सावधगिरीचा शब्द. त्याचे आम्ही किती अर्थ केले आहेत! माडीवरच्या मित्राला खाली बोलावण्यासाठी हॉर्न, दार उघडण्यासाठी हॉर्न, आणि सिग्नल हिरवा होण्यापूर्वी पुढच्याला ढकलण्यासाठीही हॉर्न. जणू त्या आवाजानेच दिवा पेटणार आहे. शहापुरात बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचा चौक आहे. १९५७ पासून राजापूरचे खासदार असलेल्या नाथ पैंचे भाषण लोकसभा कान देऊन ऐकत असे. त्यांच्या नावाच्या चौकात मात्र सायंकाळी कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही. चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असा नियम आहे. व्यवहारात ज्याची गाडी मोठी, त्याचा हक्क मोठा.

यावर आमचे लोक म्हणतात, ‘काय करायचे? रस्तेच अरुंद!’ ते खोटे नाही. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. मागवाले आणि सराफ यांच्या या गल्ल्या बैलगाडी व टांगा यांच्या मापाने झाल्या. मोटारी पुढे आल्या. परंतु वाट अरुंद असेल, तर वाट देण्याची गरज अधिक की कमी? शिवाय रुंद रस्त्यावर तरी आपण काय करतो? टिळकवाडीतील रेल्वे फाटक पडले, की डाव्या बाजूने ओळीत थांबावे हे कोणाच्या मनातही येत नाही. अलीकडचे लोक सारा रस्ता व्यापतात, पलीकडचेही सारा रस्ता व्यापतात. गाडी निघून जाते, फाटक उघडते आणि दोन सैन्ये पानिपतावर उभी ठाकावीत तशी समोरासमोर उभी असतात. मग गाडी जायला जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ तह व्हायला लागतो.

या घाईतून मिळते तरी काय? शाळेत घालतो तसे एक गणित घालून पाहू. तीन किलोमीटरचे अंतर ताशी ३० च्या वेगाने ६ मिनिटांत कापले जाते आणि ताशी ४५ च्या वेगाने ४ मिनिटांत. वाचली दोन मिनिटे. तीही चहाच्या दुकानापुढे उभ्यानेच खर्च होतात. परंतु वेग दीडपट झाला, की आघाताची शक्ती सव्वादोनपट होते. दोन मिनिटांसाठी हा सौदा फार महाग आहे.

इथवर हसून झाले. आता एक आकडा सांगतो, त्यात हसण्यासारखे काही नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती आणि शेकडा १९ हून अधिक पायी चालणारी. म्हणजे तासाला १९ माणसे. माझे हे भाषण दहा मिनिटांचे धरले, तर तेवढ्या अवधीत तीन घरांतील माणूस परत यायचा नाही.

शाळा सुटते तेव्हा पोरे रस्त्याच्या कडेला घोळक्याने उभी राहतात. पट्टेरी वाटेवर पादचाऱ्याचा हक्क पहिला, हे आम्ही त्यांना वर्गात शिकवतो. ती पट्ट्यांवर पाऊल ठेवतात आणि समोरून येणारी गाडी वेग वाढवते. वर्गात शिकवलेले खोटे, की रस्त्यावर दिसते ते खोटे, असा प्रश्न त्या पोरांनी केला, तर आम्ही उत्तर काय द्यावे?

आपण मुळात उद्धट लोक नव्हे. दारात दोघे एकदम आले, तर ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ म्हणून पाच मिनिटे खोळंबणारे आपण. ओळखीच्या माणसासाठी भर रस्त्यात गाडी थांबवून त्याच्या घरच्यांची खुशालीही विचारतो. मात्र समोरच्याचा चेहरा ओळखीचा नसला, की आपली सारी रीतभात संपते. रस्त्याची भाषा नेमकी याचसाठी आहे: अनोळखी माणसाला ‘आधी तुम्ही’ म्हणण्यासाठी. गाडीचा क्रमांक बेळगावचा असो, कोल्हापूरचा असो वा गोव्याचा, ती सर्वांना सारखीच कळते. उद्या घराबाहेर पडताना तिचे एकच वाक्य बोलून पाहावे. पट्ट्यांपाशी पोर उभे दिसले, की गाडी थांबवावी आणि त्याला हाताने ‘जा’ म्हणावे. एवढ्याने आपला खोळंबा होणार नाही, आणि वर्गात शिकवलेले खोटे नव्हते, हे त्या पोराला कळेल.