गाणं पुढच्या दारानं, गाणारा मागच्या



रॉक अँड रोल म्हणजे गोऱ्या पोरांचा धिंगाणा, असं आपल्याकडं समजतात. मी विचारतो, हे गाणं कुणाचं? चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो. सगळे काळे. १९५५-५६ साली अमेरिकेत गोऱ्यांच्या घराघरांत त्यांच्या तबकड्या वाजत होत्या.

आणि गाणारे कुठं होते? दक्षिणेतल्या रस्त्यांवर, बसमध्ये मुटकुळं करून झोपलेले. गोऱ्यांच्या हॉटेलात खोली नाही. खानावळीत बसायचं नाही, मागच्या दारानं पुडकं घ्यायचं. कुठल्या गावात पाठ टेकता येईल ते सांगणारं पुस्तक १९३६पासून हार्लेमचा एक पोस्टमन, व्हिक्टर ग्रीन, छापत होता. थिएटरात मधोमध दोर. इकडं गोरे, तिकडं काळे. गाणं तापलं की पोरं दोर ओलांडून एकत्र नाचायची. पण बँड पुढच्या गावी गेला की हॉटेलाचं दार तसंच बंद!

ते दार टाळ्यांनी उघडलं नाही. १९६०मध्ये ग्रीन्सबरोच्या खानावळीत काळी पोरं ठाण मांडून बसली. पुढं गावोगाव पोरं तशीच बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. तेव्हा कुठं १९६४चा नागरी हक्क कायदा आला.

आपल्या तमाशाच्या फडाला हे सांगायला नको. रात्री वन्स मोअर, सकाळी पाणी वरून! १९७२मध्ये मुंबईत पँथरनं नाव घेतलं ते ह्याच काळ्या भावांकडून.

तेव्हा गाणं गा, जोरात गा. पण दौलतजादा म्हणजे हक्क नव्हे. हक्कासाठी ठाण मांडून बसावंच लागेल.

जय भीम!