माळ्यावरचा रणगाडा
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सातपासून बोलतात. मी दुसरंच काही सांगते. बाहेर व्हरांड्यात खोक्यात एक टँक ठेवलाय, तो तुम्ही येताना पाहिलाच असेल. कुणाच्या तरी मुलाचं खेळणं असेल असं वाटलं असेल. ते माझं आहे. माझं आणि माझ्या वडिलांचं.

आठवीत आपली सहल टँक म्युझियमला गेली होती, आठवतं? म्युझियम तेव्हा नुकतंच, १९९४ मध्ये सुरू झालेलं. नगरच्या पोरांना टँकचं काय कौतुक, आपण रस्त्यावर ट्रेलरवरून जाताना बघायचो. पण त्या दिवशी मी सेंच्युरियनच्या चाकांपाशी उभी राहिले ती हललेच नाही. शेवटी बाईंनी बस थांबवून मला बोलवायला दोघींना पाठवलं. एवढं धूड चाकावर चालतं की पट्ट्यावर, हे मला कळत नव्हतं. घरी येऊन आप्पांना विचारलं. आप्पा एमआयडीसीत टर्नर होते. ते म्हणाले, "चाकं चालतात, पट्टा म्हणजे त्यांनीच स्वतःपुढे अंथरलेला रस्ता." इतकं सोपं उत्तर मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी दिलं नाही.

सेंच्युरियन मूळचा ब्रिटिश. दुसरं महायुद्ध संपता संपता तयार झाला, त्यामुळे त्या युद्धात लढायचा राहिला. आपल्याकडे मात्र तो १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत लढला. १९६५ मध्ये समोर पॅटन होते. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबर १९६५ ला धारातीर्थी पडले, आणि त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी. दोघांनाही परमवीरचक्र, दोघांचेही टँक सेंच्युरियन. खेत्रपालांचा 'फामागुस्ता' नावाचा टँक आज आपल्या नगरलाच जपून ठेवलेला आहे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आपल्या पिढीच्या तोंडी नगरच बसलंय, तेवढं समजून घ्या.

तर, २००८ मध्ये आप्पा निवृत्त झाले. माणूस घरात बसून कंटाळला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. २०११ च्या उन्हाळ्यात मी म्हटलं, "आप्पा, आपण सेंच्युरियन बनवू. रिमोटवर चालणारा." ते म्हणाले, "मापं आण." झालं, सुरुवात झाली.

प्रमाण ठरलं एकास सोळा. खरा टँक तोफ सोडून सुमारे साडेसात मीटर लांब, म्हणजे आमचा साधारण सत्तेचाळीस सेंटिमीटर. रुंदी एकवीस. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं दिसतात, पण प्रत्येक चाक जोडीचं असतं. म्हणजे एका बाजूला बारा, दोन्ही मिळून चोवीस. ही चोवीस चाकं आप्पांनी मित्राच्या वर्कशॉपमधल्या लेथवर ॲल्युमिनियममधून काढली. प्रत्येक पाच सेंटिमीटर व्यासाचं. मी व्हर्नियर लावून तपासायला बसले, तर चोवीसच्या चोवीस सारखी. आप्पा म्हणाले, "तपास, तपास. तुझ्या कंपनीत काम न तपासता देतात वाटतं?" पट्टा सायकलच्या चेनवर पातळ पट्ट्या रिव्हेट करून केला. पितळी गिअर त्यांच्या मिलिंगवाल्या मित्राने कापून दिले.

खऱ्या टँकला एकच इंजिन असतं, रोल्स-रॉइसचं मीटिऑर. ते स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनावरून केलेलं. वळायचं कामही गिअरबॉक्सच करतो. आम्हाला ते झेपणारं नव्हतं. आम्ही दोन मोटारी लावल्या, डाव्या पट्ट्याला एक, उजव्याला एक. दोन्ही सारख्या फिरल्या की टँक सरळ जातो. एक हळू झाली की टँक त्या बाजूला वळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातला माझा भाग इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅम. रिमोटवरून रिसीव्हरकडे संदेश येतो, रिसीव्हर सेकंदाला पन्नास वेळा एक पल्स सोडतो. पल्स दीड मिलिसेकंदाची असेल तर थांब, दोनची असेल तर पूर्ण वेगाने पुढे, एकची असेल तर मागे. ही पल्स मोजून मोटारींना हुकूम देणारा छोटा प्रोग्रॅम मी आर्डुइनोवर लिहिला. दोन वर्षं शनिवार-रविवार एसटीने पुणे-नगर करत आम्ही हे काम केलं. २०१२ मध्ये मुलगी झाली, तरी थांबलं नाही. तिला आईजवळ झोपवून आम्ही दोघं गच्चीवर.

२०१३ ची दिवाळी. भाऊबीजेला घर भरलेलं. आत्या, काका, जावई, सगळे गच्चीवर टँक बघायला. मी रिमोट हातात घेतला. टँक निघाला, टाळ्या पडल्या. मी काडी सोडली. टँक थांबला नाही. मागे ओढली, तरी थांबला नाही. सरळ, अगदी सरळ चालत गेला आणि जिन्यावरून खाली. अकरा पायऱ्या. सात किलोचं धूड. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

खाली जाऊन उघडला, तर डाव्या गिअरबॉक्समधल्या पितळी गिअरचा दात तुटलेला. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आप्पा, तुमचा गिअर अडकला, म्हणून थांबला नाही. मी म्हणत होते, गिअर विकत आणू. पण तुम्हाला सगळं घरीच करायचं असतं."

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी चाकं एकेक करून काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरली. बाकीचं खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले. नंतर मुलगी लहान, नोकरी बदलली, दोन वर्षं परदेशात, मग कोविड. कुणी विचारलं की सांगायचे, "वेळ कुठे मिळतो?" वेळेचं कारण बरं असतं, त्यावर कुणी उलट विचारत नाही. खरं कारण हे होतं की मला ते खोकं उघडायचं नव्हतं. आप्पांनी त्या अकरा वर्षांत त्याचं नाव एकदाही काढलं नाही.

२०२४ मध्ये आई-आप्पांना पुण्याला आणायचं ठरलं. घर आवरताना माळ्यावरून खोकं खाली आलं. माझी मुलगी बारा वर्षांची. तिने विचारलं, "हे काय आहे?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तिने ते उघडलं.

बॅटरी उशीसारखी फुगलेली. ती चार्ज करायचा मोह कुणी करू नका, लिथियमची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. मी ती ई-कचऱ्यात दिली. ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, रबराचा भुगा. पण चाकं? चोवीसच्या चोवीस जशीच्या तशी.

पुण्यात आल्यावर जुन्या हार्ड डिस्कवरचा प्रोग्रॅम शोधून काढला. मी ऑफिसात नवीन मुलांना रोज ऐकवते, कोडमध्ये कॉमेंट लिहा, उद्या तुम्हालाच कळणार नाही. माझ्या त्या प्रोग्रॅममध्ये कॉमेंट एकच होती, "टँक झटके देतो, म्हणून." त्याखाली तीन ओळी. पल्स मिळाली नाही, म्हणजे शून्य आली, तर ती सोडून दे आणि आधीचीच किंमत धरून चाल.

ती ओळ मी रात्री साडेअकराला वाचली आणि खुर्चीत तशीच बसून राहिले. अधूनमधून एखादी पल्स चुकायची आणि टँक हिसका द्यायचा, म्हणून मी ती युक्ती केली होती. पण रिमोट बंदच पडला तर? तर एकही पल्स येणार नाही, आणि टँक शेवटचा हुकूम पाळत राहील. शेवटचा हुकूम होता 'पुढे'. त्या दिवाळीला रिमोटमध्ये मी जुनेच पेन्सिल सेल घातले होते, हेही मला तेव्हा आठवलं. रिमोटचा संपर्क तुटला की मोटारी बंद, हा या छंदातला पहिला नियम. तो मी पाळला नव्हता. खात्री करायला नवीन बॅटरी लावून, टँक उलटा ठेवून चालवला आणि रिमोट बंद केला. उजवा पट्टा फिरतच राहिला. डाव्या बाजूला गिअर तुटलेला, तरी मोटार गुंगुं करत होती.

सकाळी चहा घेताना आप्पांना सांगितलं. "आप्पा, चूक माझी होती. गिअरची नव्हती."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. एका बाजूचा गिअर आधी अडकला असता, तर टँक त्या बाजूला वळला असता. तो तर सरळ गेला. दात पडल्यावर तुटला."

मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

ते म्हणाले, "घर भरलेलं होतं. जावयांसमोर तुला खोटं पाडू?"

मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं. त्यांनी मला पाडलं नाही, आणि तेही अकरा वर्षं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "बरं, बरं. गिअर कधी कापून आणतेस?"

आज विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते. बाई, तुम्ही प्रयोगवहीत शिकवलं होतं, आधी साहित्य, मग कृती, मग निरीक्षण, आणि शेवटी अनुमान. मी पुष्कळदा घाईघाईत अनुमान आधी लिहून ठेवायचे आणि त्याला जुळेल असं निरीक्षण भरायचे. तुम्ही लाल पेनाने काट मारायचात. त्या दिवाळीलाही मी तेच केलं. टँक सरळ गेला, हे गच्चीवरच्या पंधरा माणसांनी पाहिलं. इंजिनिअर त्यात मी एकटीच, आणि मलाच ते दिसलं नाही. कारण चूक कुणाची हे माझं आधीच ठरलेलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. आप्पा आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. हात कापतो, त्यामुळे लेथवर उभं राहता येत नाही. नवा गिअर एका वर्कशॉपमधून कापून आणला. आप्पा स्टुलावर बसून सांगतात आणि माझी मुलगी कानस चालवते. पहिल्या दिवशी तिला म्हणाले, "कानस मागे ओढताना दाबायची नाही, पुढे जातानाच कापते." हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी कानस हातात घेतलीच नव्हती, मी आपली लॅपटॉप घेऊन बसायचे. आता मी त्यांच्याकडून काम शिकते, आणि प्रोग्रॅममध्ये काय बदललं ते त्यांना मराठीत समजावून सांगते. ते प्रश्न विचारतात. त्यांच्या एका प्रश्नामुळे अजून एक चूक सापडली.

टँक अजून पुरा झालेला नाही. बुरूज फिरत नाही, बाजूचे पत्रे लावायचे आहेत, रंग तर हातच लावलेला नाही. पण चालतो. जेवणानंतर तो आपण मैदानावर चालवणार आहोत. आप्पाही आले आहेत, मागच्या रांगेत टोपी घातलेले तेच. लहान मुलांनी रिमोट जरूर मागावा, मोठ्यांनीही लाजू नये.

फक्त एक विनंती आहे. टँक चांगला वेगात आला की मी रिमोट बंद करणार आहे. तो दोन हातांच्या आत थांबेल. टाळ्या वाजवायच्या असतील तर तेव्हा वाजवा, आणि त्या आप्पांकडे बघून वाजवा.

तुमच्याही माळ्यावर एखादं खोकं असेल. वेळ नाही म्हणून ते राहिलंय असं वाटत असेल, तर एकदा खाली काढून बघा. आणि त्यात दुसऱ्या कुणाचं काम असेल, तर तो माणूस आहे तोवर बघा.