सहपंचाचा निर्णय आणि प्रशिक्षकाचा प्रश्न
(क्रीडाशिक्षकांपुढे केलेले भाषण)



जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल सुरू केला. त्यांच्या मूळ तेरा नियमांतही पंचांच्या कामाची वाटणी होती. एकाने खेळाडूंवर नजर ठेवून फाउल नोंदवावयाचे, दुसऱ्याने चेंडूकडे पाहावयाचे. आज २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद मैदानावर दोन किंवा तीन पंच असतात. एक बास्केटखालच्या रेषेपाशी उभा असतो, दुसरा खेळाच्या मागून येतो. त्यामुळे एकाला स्पष्ट दिसलेला धक्का दुसऱ्याला मुळीच दिसत नाही.

अडचण येते ती येथेच. सहपंचाने फाउल दिला की नाराज प्रशिक्षक जवळच्या पंचाला विचारतो, "सर, तुम्हीच सांगा, हा फाउल होता का?" प्रशिक्षक बहुधा आपल्या ओळखीचाच शिक्षक असतो. "मी दिला नसता" असे म्हणून त्याला खूश करण्याचा मोह होतो. पण त्या तीन शब्दांनी सहपंच मैदानावर एकटा पडतो. त्याच्या पुढच्या प्रत्येक शिट्टीवर आरडाओरड होते. उलट, न पाहताच "निर्णय बरोबर आहे" म्हणणे ही न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष होय. तीही देऊ नये.

मग काय बोलावे? जे खरे आहे तेच, थोडक्यात आणि शांतपणे. "ते जवळ होते, मी दुसऱ्या बाजूचे खेळाडू पाहत होतो. खेळ थांबल्यावर आपला प्रश्न त्यांना सांगतो." आणि सांगतो म्हटले की सांगावेच.

एका पंचाने आपल्या कक्षेत दिलेला निर्णय दुसऱ्याने रद्द करू नये वा त्यावर शंका घेऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. मात्र याचा अर्थ चूक झाकावी असा नव्हे. समजा, एका संघाचे त्या डावात चार फाउल झालेले आहेत. चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे असताना त्याच संघाने पुढचा फाउल केला, तर प्रतिस्पर्ध्यांना दोन फ्री थ्रो मिळावयास हवेत. सहपंच विसरून बाहेरून चेंडू देऊ लागला, तर खेळ सुरू होण्यापूर्वी त्याच्याजवळ जाऊन हळूच आठवण द्यावी. दुरुस्ती त्यानेच जाहीर करावी. प्रशिक्षकाशी याची चर्चा करू नये.

प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. परंतु सहपंचाला कोणी अपशब्द वापरले, तर ज्याने ते ऐकले त्यानेच टेक्निकल फाउल द्यावा. "मला थोडेच बोलले?" म्हणून कानाडोळा करू नये.

मित्रहो, आपण पंच असलो तरी आधी शिक्षक आहोत. बाकावर बसलेली मुले हे सारे ऐकत असतात. समोर नसलेल्या सहकाऱ्याविषयी कसे बोलावे, याचा धडा ती आपल्या तोंडूनच घेतात. तो धडा चांगला मिळावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.